साठ पोस्ट आल्या, पण सगळ्यांत 'खूप छान वाटलं'

या आठवड्याचं पत्र नाशिकमधल्याच एका शिक्षिकेचं आहे. लांब होतं, थोडक्यात देतेय.

"ताई, मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजमध्ये अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, तिसरं वर्ष आहे. वर्गात ८० मुलं. निम्मी शहरातली, बाकीची दिंडोरी, गिरणारे, त्र्यंबककडून एसटीने येतात, काही सुरगाणा-पेठची होस्टेलला राहतात. मुलांनी नुसतं पाठ करू नये, आपण काय शिकलो यावर जरा विचार करावा म्हणून मी वर्गाचा ब्लॉग काढला. पहिल्या आठवड्यात ६० पोस्ट आल्या, मी इतकी खूश झाले. मग वाचायला बसले. 'आज मॅडमनी पेशी हा टॉपिक शिकवला. खूप छान वाटलं. मॅडमचे आभार.' जवळजवळ सगळ्याच अशा. तिसऱ्या आठवड्यात ११ पोस्ट, त्यातल्या सात सरळ चॅटजीपीटीच्या. प्रिन्सिपल सर म्हणतात नीट परीक्षेचं बघा, हे काय काढलंय. एका पालकांचा फोन आला की आम्ही मुलीच्या हातातला मोबाईल सुटावा म्हणून धडपडतोय आणि तुम्ही तोच हातात देताय. बंद करू का हे सगळं? आणि खरं सांगू, माझी मुलं विचारच करत नाहीत असं वाटायला लागलंय, त्याचं जास्त वाईट वाटतं."

तुला एकेरीतच लिहिते हं, माझ्या पहिल्या बॅचच्या मुली तुझ्याहून मोठ्या असतील आता.

आधी शेवटच्या वाक्याबद्दल. मुलं विचार करतात गं. तू जिथे बघतेयस तिथे तो दिसत नाहीये एवढंच. ब्लॉग म्हणजे त्यांच्यासाठी स्टेज आहे, समोर ७९ जण बसलेत, मॅडम बसल्यात, कदाचित कुणाची मम्मी पण वाचतेय, आणि स्टेजवर माणूस आभारच मानतो. त्यात प्रश्न काय, तर 'आज काय शिकलात', याला सोळा वर्षांचं पोर दुसरं काय लिहिणार? मी स्वतः हेच केलंय, बऱ्याच वर्षांपूर्वी, तेव्हा कॉम्प्युटर लॅबमध्ये आठवड्यातून एक तास मिळायचा आणि मी दर शनिवारी सगळ्यात चांगलं लिखाण वर लावायचे, नावासकट. मला वाटायचं प्रोत्साहन देतेय. महिनाभरात चुकीचं, अर्धवट, शंका असलेलं असं काही कुणी लिहीचना, सगळी पुस्तकातली सुंदर वाक्यं. ज्या मुलाने पहिल्या आठवड्यात 'मला अजून कळलं नाही की झाडाला तोंड नाही तर ते खातं कुठून' असं लिहिलं होतं, तो पुढे फक्त व्याख्या लिहायला लागला. ते वाक्य मला आजही आठवतं आणि त्याला उत्तर द्यायच्या ऐवजी मी व्याख्या लिहिणाऱ्या मुलीचं नाव वर लावलं होतं, हेही आठवतं.

तर ब्लॉग उघडा ठेवणं आज बंद कर. कल्पना बंद करू नकोस.

आता मला जे सांगायचंय ते हे की मागे वळून बघायचं तर मागे काहीतरी असायला लागतं. धडा शिकवून झाल्यावर मुलाला विचारलं की तुझा विचार कसा बदलला, तर त्याला आधी काय वाटत होतं तेच आठवत नाही, कारण बरोबर उत्तर कळलं की डोकं जुनं पुसून टाकतं आणि 'हे तर मला माहीतच होतं' असं वाटायला लागतं. तुझंही होतं, माझंही होतं. मोबाईल-कॉम्प्युटरचा इथे खरा उपयोग कुठला म्हणशील तर मुलाचा पहिला, कच्चा, चुकीचा विचार तारखेसकट जपून ठेवणं. बाकी डिझाईन, फोटो, लाईक, कमेंटची गंमत, त्याच्याशिवाय काही अडत नाही.

म्हणून प्रश्न धड्याच्या आधी विचार. आणि असा विचार की ज्याचं उत्तर प्रत्येकाला आपोआप सुचतं आणि बहुतेक वेळा चुकतं. फोटोसिंथेसिस (प्रकाशसंश्लेषण) सुरू करायच्या आदल्या दिवशी विचारून बघ: एवढंसं बी पेरलं, वीस वर्षांनी टनभर वजनाचं चिंचेचं झाड उभं राहिलं, हे वजन आलं कुठून? तीन-चार ओळीत लिहा, पुस्तक उघडायचं नाही. बहुतेक मुलं लिहितील मातीतून, खतातून. काही लिहितील पाण्यातून. 'हवेतून' लिहिणारं क्वचित एखादं, आणि त्यालाही स्वतःवर विश्वास नसेल. मग धडा शिकव, आणि त्यात फान हेलमाँट या जुन्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांग, ज्याने वजन करून सुमारे ९० किलो कोरड्या मातीत विलोचं सव्वादोन किलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं, झाड ७६-७७ किलोचं झालं आणि माती कमी झाली होती जेमतेम ६० ग्रॅम. हे १६४८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. त्याने निष्कर्ष काढला की लाकूड पाण्यापासून बनतं. तोही चुकला! आणि 'गॅस' हा शब्द याच माणसाने दिला, लाकूड जाळल्यावर निघणाऱ्या वायूबद्दल, म्हणजे आजच्या कार्बन डायऑक्साईडबद्दल, यानेच लिहिलं, तरी त्याच्या झाडाच्या कोरड्या वजनातला जवळपास निम्मा भाग असलेला कार्बन त्या वायूतूनच आला होता हे त्याच्या लक्षात आलं नाही. मुलांना हे ऐकवलं ना की त्यांच्या स्वतःच्या चुकीची लाज जाते, मी कितीदा बघितलंय.

धडा संपला की त्याच नोंदीखाली दुसरी नोंद. आधी मी काय लिहिलं होतं, आता काय वाटतं, आणि कशामुळे बदललं. तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कशामुळे. वर्गातल्या एखाद्या वाक्याने, प्रॅक्टिकलने, शेजारच्या मैत्रिणीने, यूट्यूबने, कशानेही चालेल पण लिहायचं. आणि बदललं नसेल तर 'मला अजूनही मातीतूनच वाटतं आणि का वाटतं' हेही लिहायची पूर्ण मुभा. असं लिहिणारं मूल सापडलं तर त्याला जप.

कसं करायचं ते सांगते, सोपंय. गुगल क्लासरूममध्ये एक कोरं डॉक्युमेंट टाकायचं आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वेगळी कॉपी हा पर्याय निवडायचा. म्हणजे ८० मुलांच्या ८० डायऱ्या तयार, प्रत्येक डायरी फक्त ते मूल आणि तू, दोघंच बघणार. नियम एकच, जुनं खोडायचं नाही, फारतर त्यावर रेघ मारायची पण वाचता आलं पाहिजे. कुणी खोडलंच तरी डॉक्युमेंटच्या व्हर्जन हिस्टरीत आधीचं सापडतं, ते मुलांना एकदा उघडून दाखव, पोलिसगिरी म्हणून नाही तर 'बघ, ऑगस्टमध्ये तू हे म्हणत होतास' म्हणून. वर्षाच्या शेवटी स्वतःची डायरी पहिल्यापासून वाचताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

डार्विनचं त्यांना नक्की सांग. १८३७ साली त्याने वहीत उत्क्रांतीच्या झाडाचं ते वेडंवाकडं चित्र काढलं आणि वर लिहिलं 'मला वाटतं'. बस, एवढंच. पुस्तक यायला त्यानंतर २२ वर्षं लागली. आणि आत्मचरित्रात तो स्वतःची एक सवय सांगतो, की आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी कुठलीही गोष्ट दिसली की तो ती ताबडतोब लिहून ठेवायचा, कारण त्याला अनुभव होता की अशाच गोष्टी लवकर विसरल्या जातात, सोयीच्या लक्षात राहतात. आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण मुलांना नेमकं उलटं करायला लावतो, सगळं नीट, बरोबर, मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेलं, आणि सही.

जर्नलवरून आठवलं, कांद्याच्या पापुद्र्याची स्लाईड. नाशिक जिल्ह्यात राहून कांदा तर पोरांच्या घराघरात. मायक्रोस्कोपखाली बघतात आणि चित्र काढताना त्यात हिरवे गोळे काढतात, कारण पुस्तकातल्या वनस्पती पेशीत क्लोरोप्लास्ट (हरितलवकं) असतात. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यात कुठून येणार क्लोरोप्लास्ट, जमिनीखाली अंधारात वाढलेला तो. हे दरवर्षी होतं. एक कर, आयपीसला मोबाईलचा कॅमेरा टेकवून प्रत्येकाला स्वतःच्या स्लाईडचा फोटो काढायला सांग, आधी थोडं हलतं, मग जमतं. फोटो डायरीत, त्याच्याखाली स्वतः काढलेल्या चित्राचा फोटो, आणि एक प्रश्न: चित्रात असं काय आहे जे फोटोत नाही? या एका प्रश्नाने माझ्या एका बॅचने जेवढं शिकून घेतलं तेवढं पेशींवरच्या माझ्या चार लेक्चरमधून शिकली नव्हती. मायक्रोस्कोप कमी असतील तर फोल्डस्कोप म्हणून कागदाचा येतो, मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डच्या गटाने केलेला, तो मोबाईलला लावता येतो, होस्टेलची मुलं खोलीवर नेऊन डबक्यातलं पाणी बघत बसतात.

आता भाषेचं. तू लिहिलं नाहीयेस पण मी पैजेवर सांगते तुझी निम्मी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती आणि अकरावीत एकदम सगळं इंग्रजी. हरितलवक म्हणणारी पोरं जूनच्या पुढे क्लोरोप्लास्ट म्हणायला लागतात, ते ठीक आहे, ते येतं. पण विचार कुठल्या भाषेत करतात? 'खूप छान वाटलं' हे मला वाटतं बऱ्याचदा भाषा न सापडल्यामुळे येतं. डायरी मराठीतच लिहू दे, मिसळून लिहू दे, शुद्धलेखन अजिबात तपासू नकोस. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलायचं, तो उतरवतो, दहा चुका करेल, करू दे. बोलताना मुलं जास्त खरी असतात, 'म्हणजे मॅडम मला असं वाटतंय की' असं करत करत ती मुद्द्याला येतात आणि तेच आपल्याला पाहिजे. सुरगाणा-पेठच्या मुलांच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलत असतील तर झाडांची नावं त्यांच्या भाषेतच येऊ दे. पावसाळ्यात टाकळा कधी खायचा, कुर्डूची भाजी कोवळी असताना कशी, कुठली रानभाजी उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, हे त्या मुलांना जितकं माहितीये तितकं शहरातल्या मुलांना सोड, मला माहीत नव्हतं. वर्गात ती गप्प असतात. डायरीत नसतात.

एका मुलीची गोष्ट सांगते, तिचं नाव गाव काही सांगत नाही, दिंडोरी बाजूची, घरी द्राक्षबाग. प्लांट हार्मोन्स शिकवायच्या आधी मी प्रश्न दिला होता की फळ मोठं व्हायचं की छोटं हे कोण ठरवतं. तिने लिहिलं, 'औषध. पपा घडाला जीए मारतात, रोग होऊ नये म्हणून, मग मणी मोठे होतात.' लहानपणापासून डिपिंग बघत आलेली मुलगी, घड डब्यात बुडवायला स्वतः मदत करणारी. मग धड्यात जिबरेलिन हे हार्मोन आलं, जपानमध्ये भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढून आडवी पडायची तो रोग आला, १९२६ मध्ये कुरोसावाने दाखवलं की ते एका बुरशीच्या स्रावामुळे होतं ते आलं. तिने वहीत सगळं उतरवलं, युनिट टेस्टला मार्क पण चांगले. आणि दहा दिवसांनी डायरीत दोन ओळी: 'मॅडम जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड का?? मग ते औषध नाहीच ना, ते तर झाडात आधीपासूनच असतं, मग आपण बाहेरून का देतो?' दहा दिवस बघ. मार्क मिळाल्यानंतर दहा दिवसांनी तिच्या घरातली गोष्ट आणि पुस्तकातली गोष्ट एक झाली. मी तिला उत्तर दिलं नाही, उलटा प्रश्न टाकला की तुमच्या बागेतल्या द्राक्षात बी असते का? ती घरी जाऊन मणी कापून बघत बसली, आणि वाढणारी बी स्वतः जिबरेलिन बनवते आणि थॉम्पसनसारख्या बिनबियांच्या जातीत ती सुरुवातीलाच खुंटते म्हणून बाहेरून द्यावं लागतं, इथपर्यंत ती पुढच्या आठवड्यात जवळपास स्वतःची स्वतः आली. तिने डायरीत पहिली ओळ लिहिलीच नसती तर यातलं काहीही मला कळलं नसतं. हे मी तुला इतकं सविस्तर सांगतेय कारण तुझ्या वर्गात अशा दहा मुली असतील आत्ता, तुला फक्त त्यांची टेस्ट दिसतेय.

आणि पहिली नोंद तुझी पाहिजे. हे टाळू नकोस. मी बरीच वर्षं द्राक्षावरच्या डाउनी रोगाला बुरशी म्हणून शिकवलं, भुरी पण बुरशी, डाउनी पण बुरशी, संपलं. नंतर वाचताना लक्षात आलं की डाउनी ज्याच्यामुळे होतो तो ऊमायसीट गटातला आहे, त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं, खऱ्या बुरशीसारखं कायटिन नाही, आणि नात्याने तो बुरशीपेक्षा तपकिरी शेवाळांच्या जवळचा. आपले बागाईतदार भुरीला गंधक आणि डाउनीला बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुना, असं वेगवेगळं मारत आलेत, तेव्हा हे दोन्ही सारखे नाहीत हा धागा माझ्या डोळ्यासमोरच होता आणि मी विचारलंच नाही की का. हे जसंच्या तसं मी मुलांपुढे लिहून टाकलं, तारखेसकट, आधी मी काय शिकवायचे, आता काय, कशामुळे बदललं. वर्ग एकदम शांत होता तेव्हा. त्या आठवड्यापासून डायऱ्या बदलल्या.

चॅटजीपीटीचा राग तुझ्या पत्रात दिसला. मुलांवर चिडू नकोस, जो प्रश्न मशीनला विचारता येतो त्याचं उत्तर मशीनकडूनच येणार. 'पेशी म्हणजे काय यावर चिंतन लिहा' हे मशीनला छान जमतं. 'तुझ्या स्लाईडच्या फोटोत डावीकडे जो काळा गोल आहे तो काय असेल, आणि सोमवारी तू काय समजला होतास' हे जमवायला मुलालाच बसावं लागतं (तो हवेचा बुडबुडा असतो बहुतेक वेळा, न्यूक्लिअस म्हणून लेबल केलेला). तरी एखाद्याने चिकटवलंच तर ओरडायचं नाही, कमेंटमध्ये विचारायचं की यातलं कुठलं वाक्य तुला पटलं नाही. दोनदा विचारलं की तिसऱ्यांदा स्वतःचं येतं. बारावीला तर मी उघडच करायला लावते, मशीनला विचार, उत्तर चिकटव आणि खाली त्यातली एक शंका लिही.

तुझ्या वेळेचं. ८० डायऱ्या दर आठवड्याला वाचायला गेलीस तर दिवाळीपर्यंत तू हे बंद करशील, आणि तुझा काही दोष नसेल. आठवड्याला २० वाच, नीट, बाकीच्यांवर नुसती नजर. महिन्यात सगळ्यांचा नंबर लागतो. प्रत्येकाला एकच कमेंट आणि ती प्रश्नाची, 'छान', 'गुड', अंगठा यातलं काही नको, त्याने संभाषण तिथेच संपतं. वीस मुलांना साधारण पाऊण तास जातो, मी शुक्रवारी रिकाम्या लेक्चरला करते. मार्क द्यायचे नाहीत. मार्क दिलेस की परत आभारप्रदर्शन सुरू. लिहिलं की नाही एवढीच टिक. आणि आठवड्याला एकच प्रश्न, पाच मिनिटं, लेक्चरच्या शेवटी नाही तर सुरुवातीला, शेवटी मुलांचं लक्ष एसटीकडे असतं.

त्या पालकांचं म्हणणं मला बरोबर वाटतं. पोरीच्या हातातला फोन सुटावा असं त्यांना वाटतंय आणि त्यात चूक काही नाही. त्यांना सांग की आठवड्याला पाच मिनिटं आणि तीही वर्गात, घरी काही नाही. ज्याच्याकडे फोन नाही किंवा घरात सगळ्यांत मिळून एकच आहे त्याने कागदावर लिहायचं आणि त्या कागदाचा फोटो तू किंवा शेजारच्याने काढून त्याच्या डायरीत टाकायचा, काही बिघडत नाही. कुणाकडे फोन नाहीये हे वर्गात कळणार नाही अशी काळजी घे, म्हणजे पहिल्या महिन्यात सगळ्यांनीच कागदावर लिहायचं असं ठेवलंस तरी चालेल.

ब्लॉग उघडा का नको याचं दुसरं कारण आता. तुझी मुलं १८ च्या आतली आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ खालचं प्रत्येक जण मूलच धरलंय आणि त्यांची माहिती वापरायची तर पालकांची संमती लागते असं म्हटलंय. कायदा बाजूला ठेवला तरी सोळा वर्षांच्या मुलीचं पूर्ण नाव, कॉलेज, फोटो आणि ती रोज कुठल्या एसटीने येते हे कुणालाही वाचता येईल असं नेटवर ठेवू नये गं. तुझ्या ६० पोस्टमध्ये काय काय आहे ते आज संध्याकाळी बसून बघ. ब्लॉगरला सेटिंगमध्ये फक्त आमंत्रित वाचकांसाठी असा पर्याय आहे, तो लाव. वर्षाच्या शेवटी ज्याला पाहिजे त्याने आपली एक नोंद निवडायची, पालकांची सही घ्यायची, आणि ती नुसत्या पहिल्या नावाने तिथे लावायची, ते मात्र कर, तेव्हा मुलांना त्याचा अभिमान असतो कारण ती त्यांनीच निवडलेली असते.

राहिले प्रिन्सिपल सर. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांच्याच भाषेत दाखव. नीटच्या ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे, बरोबरला चार, चुकलं की एक जातो. मॉक टेस्ट झाली की मुलं स्कोअर बघतात, रँक बघतात, पेपर फेकून देतात. तू त्याच डायरीत प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे तीनपैकी एक लिहायला लाव: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण प्रश्न घाईत वाचला, किंवा शंभर टक्के खात्री होती आणि तरी चुकलं. पहिल्या दोघांवर उपाय सगळ्यांना माहितीये. तिसरा प्रकार म्हणजे खजिना, कारण तिथे डोक्यात चुकीची गोष्ट घट्ट बसलीये आणि मूल ती पुन्हा पुन्हा त्याच खात्रीने लिहिणार. 'झाडं दिवसा फोटोसिंथेसिस करतात आणि रात्री रेस्पिरेशन (श्वसन)', ही बघ तशीच एक, रेस्पिरेशन चोवीस तास चालू असतं हे पाठ असूनही. दोन मॉकनंतर अशा तिसऱ्या प्रकारच्या चुकांची यादी काढून सरांच्या टेबलावर ठेव, कुठल्या मुलाला कुठे अडलंय ते एका कागदावर. माझ्या वेळी ज्यांनी हे बंद करायला सांगितलं होतं त्यांनीच पुढच्या वर्षी फिजिक्सवाल्यांना असं काही करता येतं का बघा म्हणून सांगितलं होतं.

जमलं तर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात एक सकाळ घेऊन जा, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) आपल्या जिल्ह्यात आहे आणि बरीच मुलं कधी गेलेली नसतात. जाताना बसमध्येच एक ओळ लिहून घे: गोदावरीवर पाणवेलींचा हिरवा गालिचा पसरला तर पाण्यातला ऑक्सिजन वाढेल की कमी होईल? हिरवं म्हणजे चांगलं हे डोक्यात इतकं बसलंय की बहुतेक जण वाढेल लिहितात. तिथे काठावर उभं राहून, पानांखाली ऊन पोचत नाही हे डोळ्यांनी बघून, मग सांडपाणी, नायट्रेट-फॉस्फेट, कुजणं हे सगळं बोल. परतीच्या बसमध्ये दुसरी ओळ. पक्ष्यांच्या याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर टाकायच्या असतील तर तुझ्या एका खात्यावरून टाक, मुलांची वेगळी खाती नकोत.

सोमवारपासून सुरू करायचं तर रेस्पिरेशनच्या धड्यासाठी माझा नेहमीचा प्रश्न देते, घेऊन टाक. एखाद्या माणसाची दहा किलो चरबी कमी झाली, तर ती चरबी शरीरातून बाहेर कुठून गेली? कुणी लिहील घामातून, कुणी लघवीतून, हुशार मुलं लिहितील एनर्जी झाली, आणि ते वाचताना तुला हसू आलं तरी वर्गात चेहरा सरळ ठेव. साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साईड होऊन श्वासातून जाते आणि उरलेली १.६ किलो पाणी होते, हे धडा संपेपर्यंत सांगायचं नाही. तुझं स्वतःचं उत्तर, म्हणजे हे वाचायच्या आधी तुला काय वाटत होतं ते, फळ्यावर सगळ्यात आधी लिही, आणि मुलांची पहिली वीस उत्तरं नावं काढून मला पाठव, मला खरंच वाचायचीयेत.